व्याप्ती

राजपत्र आलं ते कानडीत, सोळा पानी,
आणि खानापूरच्या कोर्टात ते आधी वाचलं मी,
आप्पय्या तळवार, पुकारेवाला,
कारण साहेबांचा चष्मा त्या दिवशी बेळगावात राहिला होता.

कलम दोन : अनुसूचीतली एकोणतीस गावं
सोमवारपासून नंदगडच्या नव्या कोर्टाकडे.
कलम चार : दाव्याच्या रकमेची मर्यादा वाढली.
कलम सात : पुकारा बंद, त्याऐवजी पाटी,
तांबडे आकडे भिंतीवरून चालत जातील मुंग्यांसारखे.
सातव्या कलमाशी मी घडी घातली
आणि चहा सांगितला.

बाहेर चिंचेखाली दोघे बसलेले,
भरमाणा घाडी वादी, ओमाणा घाडी प्रतिवादी,
डबा एक, वकील दोन.
एकोणीस वर्षं एकच बांध,
तीन हात रुंद, आणि त्यावर एक फणस.
"व्याप्ती बदलली," मी म्हणालो.
कानडीत व्याप्ती म्हणजे
कोर्टाचा हात पोचतो तेवढी जमीन.
भरमाणाला ऐकू आलं, व्याप.
"आमचा व्याप कुणाकडं दिला म्हणे गा?"
इतका बरोबर तर्जुमा
सरकारी दुभाष्यालाही जमला नसता.

मग बोट फिरवत गावं वाचली.
कापोलवाडी नंदगडला.
चिंचगाळी इथंच.
आणि बांध?
बांधाच्या अलीकडं कापोलवाडी, पलीकडं चिंचगाळी.
ज्याच्यापायी एक बैलजोडी, चार पाटल्या
आणि ओमाणाच्या पोराचं इंजिनेरिंग गेलं
त्याच बांधावरनं कायद्यानं रेघ ओढली होती,
मोजणीदार न बोलावता, पंचनामा न करता.
"अवघड आहे," भरमाणाचा वकील म्हणाला.
"अवघड आहे," ओमाणाचा म्हणाला.
रोजनाम्यात नोंदवावं असं ते पहिलंच एकमत.

शनिवारी टेम्पो आला.
नाझर बस्ते मोजत होता, तांबडी फडकी,
एकातून वाळलेली पाल निघाली,
तीही बहुतेक प्रलंबित.
मी ओसरीवर जाऊन शेवटचा पुकारा केला, तीनदा,
"भरमाणा यल्लुप्पा घाडीऽऽ"
तीस वर्षांत कुणाच्या नावातलं एक अक्षर
मी पातळ होऊ दिलं नाही,
कानडी असो, मराठी असो,
आई परसातून हाक मारेल तसं घेतलं.
दोघे टेम्पोमागं उभे होते.
आपलाच दावा सुतळीनं आवळताना बघत होते.
हजर, असं कुणी म्हटलं नाही.
दिसतच होते की.

आता हे काही मी शिकलेलं नाही, पण सांगतो.
फणसावर मनाई हुकूम होता.
एकोणीस उन्हाळे फळं पिकून खाली फुटली,
वानरांनी खाल्ली, कोल्ह्यांनी खाल्ली,
ज्यांच्यावर समन्स बजावता येत नाही.
तो हुकूम खानापूरचा.
खानापूरचा हात शनिवारी पाचला मागं झाला,
नंदगडचा सोमवारी अकराला पुढं होणार.
मधला रविवार
सोळा पानांत कुठंच नव्हता.
हे मी त्यांना सांगितलं असं म्हणू नका.
चिंचेखाली मोठ्यानं वाचत होतो, एवढंच.

रविवारी रात्री माझ्या दाराशी
केळीच्या पानात गरे होते,
काप्या फणसाचे, हाताएवढे.
कोण ठेवून गेलं ते मी उठून बघितलं नाही.
पण पुकारेवाल्याचा कान आहे माझा,
पावलं दोघांची होती
आणि एकाची वहाण करकरत होती.

सोमवारी पाटी लागली.
साहेब म्हणाले, आप्पय्या, बटण तू दाब.
दाबलं. नंबर एक आला, नंबर दोन आला,
कुणी उठेना,
आपला नंबर कुणाला ठाऊक असतो?
मी बोट काढायला गेलो तर
बटण बोटाला चिकटून आलं.
"हात धू रे जा," साहेब म्हणाले.
धुतलेत साहेब, खोबरेलही लावलं.
चीक आहे.
लवकर जात नाही.